आंब्यावरचा आकडा

फाल्गुन सरत आला की नवी मुंबईत वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांची थप्पी लागू लागते. पहाटे गाड्या येतात, पेट्या उतरतात, आणि पेट्यांमागून पेट्यांवर एकच नाव ठळक अक्षरांत दिसते : देवगड. आता मौज पाहा. देवगड हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातला एक तालुका. त्याची लांबीरुंदी ठरलेली, त्यातली कलमे मोजकी, आणि त्या कलमांना मोहोर किती धरायचा हे थंडीच्या हाती. पण ‘देवगड’ ही चार अक्षरे खोक्यावर छापायला ना कलम लागते, ना थंडी. छापखाना असला म्हणजे झाले. त्यामुळे देवगडात पिकतो त्याहून कितीतरी जास्त आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, अशी तिथल्या बागायतदारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. त्यातला बराचसा आंबा कर्नाटकातून येतो. त्या आंब्याचा त्यात काही दोष नाही. तोही कोणा शेतकऱ्याने घाम गाळूनच पिकवलेला असतो, आणि स्वतःच्या गावाच्या नावाने बाजारात आला तर त्यालाही मान मिळेल. पण तो परक्या नावाने येतो, स्वस्त विकला जातो, आणि खऱ्या देवगडच्या माणसाला विचारले जाते, “तुमचाच एवढा महाग का हो?”

आमच्या शेजारी एक मामी राहतात. माहेर कुणकेश्वरचे. काही वर्षांपूर्वी त्यांनी शहरातल्या एका दुकानातून पेटी घेतली. घरी येऊन गवत बाजूला केले, एक फळ उचलून देठाशी नाक नेले आणि पेटी तशीच परत घेऊन दुकानात गेल्या. “हा आमच्याकडचा नव्हे.” दुकानदार म्हणाला, “मामी, पेटीवर काय लिहिलंय ते वाचा ना!” मामी म्हणाल्या, “पेटीवरचं वाचलं रे. आंब्यावर कुठं काय लिहिलंय?”

मामींनी सहज म्हटले, पण व्यापारातल्या एका फार जुन्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. आणि २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने खरोखरच आंब्यावर लिहायला सुरुवात केली आहे. प्रत्येक फळावर एक लहानसे लेबल, आणि प्रत्येक लेबलावर निराळा आकडा. एका फळावरचा आकडा दुसऱ्या फळावर नाही. हा खटाटोप कशासाठी, आणि त्याने खरेच काही साधते का, ते आज आपण पाहू.

आपण म्हणाल, आकडे तर हल्ली सगळ्याच मालावर असतात. साबणाच्या वडीवर असतात, चहाच्या पुड्यावर असतात. खरे आहे, पण ते सगळे आकडे एका जातीचे नाहीत, आणि इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो.

पहिला प्रकार म्हणजे काळ्या रेघांचा पट्टा, ज्याला बारकोड म्हणतात. नॉर्मन जोसेफ वुडलँड नावाच्या अमेरिकन तरुणाला ही कल्पना मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना सुचली. तारायंत्रातल्या टिंबा-रेघांची त्याला आठवण झाली, आणि ती टिंबे खाली ओढून त्याने जाड-बारीक रेघा केल्या. १९५२ साली त्याला आणि त्याच्या सोबत्याला पेटंट मिळाले. पण रेघा वाचणारे यंत्र स्वस्त व्हायला आणखी बावीस वर्षे गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात चघळण्याच्या गोंदाच्या गोळ्यांचे एक पाकीट यंत्रापुढे धरले गेले आणि त्याची किंमत आपोआप उमटली. तिथून हा प्रकार जगभर पसरला.

आपल्याकडच्या पुष्कळ मालावर हा आकडा ८९० ने सुरू होतो. त्यावरून ‘८९० म्हणजे भारतात बनलेला माल’ असे लोक खात्रीने सांगतात, मुलांनाही शिकवतात. ते चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच की, त्या कंपनीने आपला आकडा भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतला. माल कुठेही बनलेला असू शकतो.

शिक्षक मंडळींसाठी इथे एक गंमत सांगून ठेवतो. या आकड्यात तेरा अंक असतात, आणि शेवटचा अंक हा आधीच्या बारांचा राखणदार असतो. समजा पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक सहा अंक घ्या. ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले सहा ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. आता या बेरजेला पुढच्या पूर्ण दहावर न्यायला जेवढे कमी पडतात तेवढा तेरावा अंक. १३० ला काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा अंक शून्य. आता एखाद्याने शेवटचे ८ आणि ९ उलटसुलट लिहिले, तर बेरीज १२८ येते, दोन कमी पडतात, आणि तेरावा अंक २ असायला हवा होता हे यंत्राला कळते. वर्गात घरच्या रिकाम्या वेष्टनांवर हे करून पाहा. मुले पाढे कुरकुर न करता म्हणतील. एखादा हुशार मुलगा विचारील, “गुरुजी, यातून चूक कधीच निसटत नाही का?” तर निसटते. शेजारशेजारच्या दोन अंकांत बरोबर पाचाचा फरक असेल आणि त्यांचीच अदलाबदल झाली, तर राखणदाराला पत्ता लागत नाही. का, ते त्यालाच शोधू द्या.

पण हा बारकोड आपल्या मामींच्या कामाचा नाही. कारण एका कंपनीच्या एकाच वजनाच्या साबणाच्या लाखो वड्यांवर हुबेहूब तोच आकडा असतो. तो वस्तूची जात सांगतो. “मी अमुक कंपनीची शंभर ग्रॅमची वडी,” याहून अधिक त्याला काही ठाऊक नसते.

दुसरा प्रकार लॉट नंबरचा. याला आपल्या घरगुती भाषेत ‘घाणा’ म्हणावे. दिवाळीत एका घाण्याच्या चकल्या खुसखुशीत होतात आणि दुसऱ्या घाण्याच्या मऊ पडतात. तेल, भाजणी, विस्तव यांत कुठेतरी फरक पडलेला असतो. कारखान्यातही तसेच. एका वेळी, एका मिश्रणातून जे निघाले त्या साऱ्यावर एक आकडा. एकात खोट निघाली की बाकीच्यांवर नजर ठेवता येते.

शेतकरी बंधूंनो, हा आकडा आपल्या रोजच्या जीवनमरणाचा आहे. सोयाबीनची पिशवी घेतो, पेरतो, आठ दिवस वाट पाहतो आणि रान उघडेच राहते. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याने केली त्यालाच कळते. अशा वेळी तालुक्याच्या समितीकडे तक्रार करायला जावे, तर पहिला प्रश्न येतो, “लॉट नंबर काय?” आणि पिशवी तर आपण धुऊन धान्य भरायला घेतलेली असते, आणि तिचा टॅग बांधावर कुठेतरी पडलेला असतो! म्हणून टॅग, पिशवी आणि पावती ही तिन्ही पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावी, आणि थोडे बी पिशवीच्या तळाशी राखावे. पावतीवर लिहिलेला लॉट नंबर आणि पिशवीवरचा लॉट नंबर एकच आहे ना, हे दुकानातच उभे राहून पाहावे. दुकानदार “घाई आहे” म्हणेल. म्हणू द्या. अलीकडे, २०२३ पासून, केंद्र सरकारच्या ‘साथी’ या व्यवस्थेत पिशवीवरच्या चौकोनी क्यूआर कोडवरून बियाण्याचा मागचा प्रवास पाहण्याची सोय होऊ लागली आहे. पण कोड असो वा नसो, पावती सोडू नये.

लॉट नंबराचे महत्त्व एका भयंकर प्रसंगातून दिसते. १९८२ साली अमेरिकेत शिकागो शहरात व आसपास टायलेनॉल या दुखण्यावरच्या औषधाच्या कॅप्सूल घेऊन सात माणसे दगावली. कॅप्सूलमध्ये सायनाइड होते. विष कारखान्यात मिसळले गेले, की बाहेर? बाटल्यांवरचे आकडे पाहिले तर त्या एका घाण्याच्या नव्हत्या, निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या होत्या. मरणे मात्र एकाच भागातली. तेव्हा माल दुकानात पोहोचल्यावर कोणीतरी हे केले, असे अनुमान निघाले. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. चांगली बाटली कोणती आणि वाईट कोणती हे एकेका बाटलीवरून सांगता येईना, म्हणून सगळ्याच गेल्या. हा गुन्हा कोणावरही कधी सिद्ध झाला नाही.

आता तिसरा प्रकार. यात आकडा जातीचा नाही, घाण्याचाही नाही. तो त्या एकट्या वस्तूचा. हा प्रकार आपल्याला नवा वाटतो, पण आपल्या गोठ्यात तो केव्हाच शिरला आहे. गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला पाहा. त्यावर बारा अंकांचा आकडा असतो. दोन भावांच्या दोन काळ्या म्हशी जोडीने चरायला सोडल्या, तर परक्याला त्या ओळखू येणार नाहीत. पण बिल्ल्यावरचा आकडा एकीचा दुसरीला नाही. लस कोणाला टोचली, वासरू कोणाचे, हे त्या आकड्यापुढे लिहिलेले असते. आकडा स्वतः काहीच सांगत नाही. कुठेतरी एक वही आहे आणि तिच्यात त्या आकड्यापुढे एक ओळ आहे, एवढीच त्याची किंमत.

लग्नसराईत सोने घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर अक्षरे आणि अंक मिळून सहा खुणांचा एक क्रमांक असतो. तो त्या दागिन्यापुरता असतो. सरकारी मानक ब्युरोच्या मोबाईलवरच्या अॅपमध्ये तो घातला की कोणी तपासला, किती शुद्ध, हे दिसते. क्रमांक अगदी बारीक कोरलेला असतो, भिंगाशिवाय दिसत नाही. तेव्हा सोनाराकडे भिंग मागावे. त्यात कसला संकोच?

सहाच खुणा पुऱ्या पडतात का, असे कोणी विचारील. रोमन लिपीची २६ अक्षरे आणि १० अंक अशा ३६ खुणा धरल्या, तर सहा जागी त्यांच्या २१७ कोटींहून अधिक जुळण्या होतात. आणि यातच दुसरी एक खुबी आहे. आकडे जर १, २, ३ असे ओळीने दिले, तर ठक म्हणेल, पाच लाखांपर्यंत दिले आहेत ना, मग माझ्या मालावर चार लाख छाप्पन्न हजार काहीतरी टाकतो, कुठेतरी लागेलच! म्हणून आकडे ओळीने देत नाहीत, विखरून देतात. समजा २१७ कोटींतून दहा लाखच वापरले. मग अंदाजाने टाकलेला आकडा खरा निघण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. ठकाचा माल पहिल्याच विचारणीला उघडा पडतो.

पण ठकही काही कच्चा नसतो. तो अंदाज कशाला बांधील? तो बाजारातून एक अस्सल आंबा विकत घेईल, त्यावरचा आकडा उतरवील आणि तोच दहा हजार लेबलांवर छापील. आकडा खरा, वहीत ओळ खरी, आंबा मात्र भलताच! नाहीतर तो खाऊन टाकलेल्या आंब्याचे लेबल अलगद सोडवून दुसऱ्यावर चिकटवील. नुसता निराळा आकडा देऊन भागत नाही ते यामुळे.

देवगडच्या लेबलात यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे ते काढू गेल्यास फाटते, सबंध निघत नाही. दुसरा असा की, आकड्याचा एक भाग वर दिसतो आणि एक भाग लेबलाच्या पोटात, खाली दडलेला असतो. गिऱ्हाइकाने लेबलाचे छायाचित्र मोबाईलवरून दिलेल्या क्रमांकावर पाठवायचे. तिकडून विचारणा होते, “आतला आकडा सांगा.” लेबल फाडून आतला आकडा कळवला आणि वरचा-खालचा जुळला, की माल खरा, आणि तो कुठल्या गावचा, कोणाचा, हेही कळते. वरून नक्कल करणाऱ्याला पोटातला आकडा दिसत नाही; तो पाहायचा तर एक लेबल फाडावे लागते, आणि फाडून मिळतो तो त्या एकाच फळाचा. तो आकडा दहा हजारांवर छापला, तर आज पुण्यातून, उद्या नाशकातून तोच आकडा विचारला जाईल, आणि वहीवाल्याला संशय येईल.

आता कुंपणानेच शेत खाल्ले तर? म्हणजे एखाद्या बागायतदारानेच आपली लेबले बाहेर विकली, किंवा बाहेरचा आंबा आणून त्याला लावली तर? हा खरा नाजूक भाग आहे. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याखाली नोंदलेल्या बागायतदारालाच ही लेबले मिळतात. तीही मागेल तेवढी मिळत नाहीत. त्याची झाडे किती आणि उत्पन्न किती हे पाहून मिळतात. पाचशे कलमांच्या धन्याला हजार कलमांची लेबले नाहीत. म्हणून त्याने लेबले विकली, तर स्वतःचा तेवढा आंबा त्याला लेबलावाचून बाजारात धाडावा लागेल. वाईट वर्षी, मोहोर जळला आणि लेबले उरली, तर मोह होईल, हे मी नाकारीत नाही. अशा वर्षी संस्थेला डोळ्यांत तेल घालून बसावे लागेल.

मोठे कारखानदार हा खर्च करतात तो केवळ गिऱ्हाइकाच्या प्रेमाने करतात, असे मानण्याचे कारण नाही. त्यांचे स्वतःचे हिशेब असतात. नागपूरच्या विक्रेत्याला सवलतीने दिलेला माल चोरून पुण्याच्या बाजारात उतरला, तर तो कोणाच्या गोदामातून फुटला हे आकडा सांगतो. हमीच्या मुदतीत पंप बिघडला म्हणून कोणी आणला, तर तो आपलाच का, केव्हा विकलेला, हे आकडा सांगतो. यात वाईट काही नाही. मात्र आकडा दोन्ही बाजूंनी बांधतो, हे कारखानदारालाही पत्करावे लागते. “हा माल आमचा नव्हेच,” असे म्हणायची सोय त्याला उरत नाही.

आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे चांगले ठाऊक आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून ‘ग्रेपनेट’ नावाची नोंद आहे. बागेची नोंदणी होते, बागेतून नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि परदेशातल्या दुकानात पोहोचलेल्या पेटीवरून माग काढीत थेट नाशिक-सांगलीच्या प्लॉटपर्यंत येता येते. तरी २०१० साली काय झाले? क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश आपल्या द्राक्षांत युरोपात सापडला, माल अडकला, आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. ते रसायन तपासायच्या यादीतच नव्हते. नोंद होती, आकडे होते, मागही निघत होता. पण प्रयोगशाळेला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पुढे यादी सुधारली. आकडा पत्ता सांगतो, गुण सांगत नाही. आंबा गोड आहे, साका नाही, हे कोणतेही लेबल सांगणार नाही.

आणि लेबल कोणी तपासलेच नाही, तर? तर ते कागदाच्या चकतीहून जास्त काही नाही. बागायतदाराने घरच्या माणसांसह बसून एकेका फळाला ते चिकटवायचे, हंगामात हजारो फळे, बोटे दुखून यायची, आणि शहरात आपण ते सालीबरोबर टाकून द्यायचे!

मामींचे पुढे काय झाले, ते राहिलेच. लेबले निघाल्यावर त्यांनी पेटी मागवली, नातवाकडून छायाचित्र पाठवले. तिकडून आतला आकडा विचारला, तोवर मामींनी आंबा पिळून आमरस केला होता आणि लेबल सालींच्या ढिगात गेले होते. आजी-नातवाने परसात बसून साली चाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी लेबल फाडले, मग आंबा कापला. उत्तर आले ते कुणकेश्वरचे नव्हते, जवळच्याच दुसऱ्या गावचे होते. मामींनी ते नाव नातवाला दोनदा वाचायला लावले, आणि त्या गावी आपले कोण कोण आहे ते सांगत बसल्या.